नाव, पद आणि निर्णय : गौतमपुऱ्याच्या निमित्ताने माळव्यातील स्त्री-प्रतिनिधित्वाचा विचार

प्रस्तावना

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तहसिलीत गौतमपुरा हे एक लहान नगर आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुणजी गावाशी होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे त्याचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. प्रस्तुत लेखात या गावाकडे निराळ्या कारणाने पाहावयाचे आहे. गावाचे नाव सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यावरून पडले आहे. स्वातंत्र्यानंतर हे गाव मध्यभारत राज्यात गेले. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी ज्या राज्यांतील स्त्रियांची नावे मतदार यादीतून मोठ्या प्रमाणावर वगळावी लागली, त्यांत मध्यभारताचा समावेश होता. या स्त्रियांनी यादी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे नाव सांगितले नव्हते.

एका स्त्रीच्या नावाने ओळखले जाणारे गाव आणि स्वतःचे नाव न सांगणारी मतदार स्त्री, या दोन गोष्टी एकाच प्रदेशात कशा नांदल्या, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात आपण स्त्रियांचा राजकीय सहभाग शिकवतो तेव्हा मतदानाची टक्केवारी आणि निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या, असे दोन आकडे फळ्यावर लिहितो. माळव्याचा इतिहास पाहता हे आकडे अपुरे ठरतात. येथे स्त्रीचे नाव, तिचे पद आणि तिचा निर्णय या तीन गोष्टी वारंवार एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात. त्या वेगवेगळ्या मोजल्या नाहीत तर निष्कर्ष चुकतो.

खासगी आणि सुभेदारी

१७३४ मध्ये पेशव्यांकडून होळकरांना जी खासगी मिळाली, ती गौतमाबाईंच्या नावे होती. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. सरंजाम फौजेच्या खर्चासाठी असे आणि त्याचा हिशेब दरबारी द्यावा लागे. खासगीचे उत्पन्न मात्र घराण्यातील स्त्रीच्या हाती राही. गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्या. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. घाट, धर्मशाळा, विहिरी यांसाठी अहिल्याबाईंनी देशभर जो खर्च केला त्याला या उत्पन्नाचा मोठा आधार होता. येथे स्त्रीचे नाव आणि तिचा निर्णय एकत्र होते. राज्याचे पद मात्र नव्हते.

मल्हारराव १७६६ मध्ये व नातू मालेराव १७६७ मध्ये निधन पावल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. अल्पवयीन वारस गादीवर बसला असता तर कारभार दिवाणाच्या हाती गेला असता. अहिल्याबाईंनी तो डाव हाणून पाडला आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वर येथून राज्य चालविले. तथापि सुभेदारीची औपचारिक मान्यता तुकोजी होळकरांना मिळाली होती. फौज त्यांच्याकडे आणि मुलकी कारभार व खजिना अहिल्याबाईंकडे, अशी ही विभागणी होती. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात या व्यवस्थेची तपशिलाने नोंद केली आहे.

याचा अर्थ पद पुरुषाच्या नावावर आणि निर्णय स्त्रीचा. आज आपण ज्याला ‘सरपंच-पती’ म्हणतो त्याच्या नेमकी उलट ही स्थिती होती.

माळव्यालगतच्या भोपाळ संस्थानाचे उदाहरणही येथे उपयोगी पडते. १८१९ ते १९२६ या काळात कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतानजहाँ या चार बेगमांनी तेथे कारभार पाहिला. आरंभी कुदसिया बेगम या मुलीच्या वतीने कारभार पाहणाऱ्या होत्या. सिकंदर बेगमही १८४४ पासून आपल्या मुलीच्या वतीनेच राज्य चालवीत होत्या. १८५७ च्या उठावानंतर, १८६० मध्ये, त्यांना स्वतःच्या अधिकारात राज्यकर्त्या म्हणून मान्यता मिळाली. वतीने चालविलेला कारभार स्वतःच्या नावावर येण्यासाठी चार दशके जावी लागली. सुलतानजहाँ बेगम १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

या राज्यकर्त्या स्त्रियांचा आपण गौरवाने उल्लेख करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचा अधिकार घराण्यातून आला होता. त्यामुळे गावातील शेतकरी, विणकर वा मजूर स्त्रीला राजकीय अस्तित्व आपोआप मिळाले नाही. एका स्त्रीची सत्ता आणि स्त्रियांचे प्रतिनिधित्व या भिन्न गोष्टी आहेत.

यादीतील स्त्री

ब्रिटिश प्रांतांत स्त्रियांना मताधिकार टप्प्याटप्प्याने मिळाला. मुंबई प्रांतात तो १९२१ मध्ये मालमत्तेच्या अटीसह आला. १९३५ च्या कायद्याने पात्र पुरुषाची पत्नी वा विधवा म्हणूनही काही स्त्रियांना मत दिले. म्हणजे मत स्त्रीचे, पण पात्रता पतीची. होळकर संस्थानातील गौतमपुरा या प्रांतिक कायद्यांच्या कक्षेबाहेर होते. तेथील सामान्य स्त्रीला खरा मताधिकार मिळाला तो प्रजासत्ताक भारताच्या संविधानाने, आणि तो मालमत्ता, शिक्षण किंवा पती यांपैकी कशाचीही अट न घालता.

मात्र कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी यादीत नाव असावे लागते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालानुसार देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. त्यांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी झाली होती. अशा नोंदी ग्राह्य धरावयाच्या नाहीत, असे आयोगाने ठरविले व त्या वगळल्या. बहुतेक सर्व प्रकरणे बिहार, उत्तर प्रदेश, मध्यभारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतील होती.

हा निर्णय त्या वेळी कठोर वाटला असणार. २८ लाख स्त्रियांचे पहिले मत त्यामुळे बुडाले. परंतु त्यामागील तत्त्व महत्त्वाचे होते. लोकशाहीत मत कुटुंबाला नसून व्यक्तीला असते, आणि व्यक्तीला नाव असते. ‘अमक्याची आई’ ही नोंद मान्य केली असती तर नागरिक म्हणून स्त्रीची ओळख कायम कोणाच्या तरी नात्यातून झाली असती.

आपल्याकडील मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पतीचे नाव उखाण्यातूनच घ्यावयाचे, ही रीत आपल्या घरांत कालपरवापर्यंत होती. लग्नानंतर स्त्रीचे माहेरचे नाव बदलण्याची पद्धतही होती. नावाबाबतचा संकोच अज्ञानातून येतो असे म्हणणे सोपे आहे, पण तो घराच्या रचनेतून येत होता.

मतदान वाढले, पुढे काय?

१९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ४७ टक्के होते. २०१९ मध्ये स्त्रियांची टक्केवारी (६७.२) प्रथमच पुरुषांच्या (६७.०) किंचित पुढे गेली आणि २०२४ मध्येही ती (६५.८ विरुद्ध ६५.६) पुढेच राहिली. मुदित कपूर व शमिका रवी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर हजार पुरुष मतदात्यांमागे स्त्रियांचे प्रमाण १९६० च्या दशकातील ७१५ वरून २००० च्या दशकात ८८३ वर गेल्याचे दाखविले. त्यांनी या बदलास मूक क्रांती म्हटले.

मध्यप्रदेशातही विधानसभेसाठी स्त्रियांचे मतदान २०१३ मध्ये सुमारे ७०, २०१८ मध्ये ७४ आणि २०२३ मध्ये ७६ टक्के असे वाढत गेले. २०२३ च्या निकालाचे श्रेय अनेकांनी त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘लाडली बहना’ योजनेस दिले. जूनपासून सुमारे सव्वा कोटी स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,००० व पुढे १,२५० रुपये जमा होऊ लागले आणि सत्ताधारी पक्षाला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या. योजनेचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. पण मतदानातील मोठी वाढ योजना येण्यापूर्वीच, २०१३ ते २०१८ या काळात झाली होती, हेही लक्षात घ्यावे लागेल. स्त्रिया केवळ पैशासाठी मतदान केंद्रावर आल्या, हे विधान या आकड्यांवर टिकत नाही.

तसेच ‘स्त्रियांचे मत’ असा एकसंध गठ्ठा असतो, हे गृहीतही तपासून घ्यावे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीविषयीच्या लेखात राजेश्वरी देशपांडे यांनी दाखवून दिले की जात, वर्ग आणि प्रदेश यांनुसार स्त्रियांच्या मतांचीही विभागणी होते. स्त्री असणे हा मतनिश्चितीचा एक घटक आहे, एकमेव नाही.

मतदानाबरोबर प्रतिनिधित्व वाढले का? मध्यप्रदेश विधानसभेत २०१३ मध्ये ३० स्त्रिया निवडून आल्या होत्या. मतदान वाढूनही २०२३ मध्ये ती संख्या २७ झाली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची एवढी चर्चा झाली, पण २८८ सदस्यांच्या सभागृहात २१ स्त्रियाच पोचल्या. लोकसभेतील स्त्री-सदस्यांची संख्या २०१९ मधील ७८ वरून २०२४ मध्ये ७४ वर आली. मतदार म्हणून स्त्रीला सर्व पक्ष विचारतात. उमेदवारी देताना मात्र हात आखडता घेतात.

गौतमपुरा ज्या इंदूर लोकसभा मतदारसंघात येते, तेथे १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा सुमित्रा महाजन निवडून आल्या. मूळच्या चिपळूणच्या असलेल्या महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. म्हणजे तीन दशके येथील मतदारांनी स्त्री-प्रतिनिधी पाठविली. हॅना पिटकिन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात केलेला भेद येथे वर्गात समजावून देता येतो : एखाद्या गटातील व्यक्ती सभागृहात असणे निराळे आणि त्या गटाच्या हिताचे काम सभागृहात होणे निराळे. एका स्त्री-खासदाराच्या दीर्घ कारकिर्दीतून पहिली गोष्ट सिद्ध होते. दुसरी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

पद स्त्रीचे, निर्णय कोणाचा?

७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांत स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या. ७३ व्या दुरुस्तीनंतर १९९४ मध्ये पंचायत निवडणुका घेणारे पहिले राज्य मध्यप्रदेश होते. पुढे तेथे हे आरक्षण निम्म्यावर गेले. याच राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये दमोह व सागर जिल्ह्यांतील काही गावांत निवडून आलेल्या स्त्रियांऐवजी त्यांच्या पतींनी वा नातेवाइकांनी शपथ घेतल्याच्या बातम्या आल्या. अहिल्याबाईंच्या काळी पद पुरुषाचे व निर्णय स्त्रीचा होता. येथे पद स्त्रीचे आणि निर्णय पुरुषाचा.

यावरून आरक्षण निरुपयोगी ठरते काय? संशोधन तसे सांगत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात बीरभूम व उदयपूर जिल्ह्यांतील स्त्रीप्रमुख पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी मागितलेल्या कामांवर अधिक खर्च केल्याचे आढळले. अडचण पदाच्या आरक्षणात नसून घराच्या उंबऱ्यावर आहे. सोलेदाद प्रिलमन यांनी मध्यप्रदेशातील खेड्यांत केलेल्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते स्त्रिया मतदान करतात, पण ग्रामसभा, अर्ज, पुढाऱ्यांची भेट ही कामे कुटुंबाच्या वतीने पुरुष करतात. बचत गटामुळे घराबाहेरच्या स्त्रियांशी संबंध जुळला की हे चित्र बदलू लागते.

याच राज्याच्या उत्तर भागातील आणखी एक अभ्यास (२०२१) बोलका आहे. रोजगार हमीची मजुरी थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि ते खाते कसे वापरावे याचे थोडे शिक्षण दिले, तेव्हा स्त्रियांचे घराबाहेरचे काम वाढले. नुसते खाते उघडून फारसा फरक पडला नाही. गौतमाबाईंच्या खासगीशी याची तुलना करावीशी वाटते. नावावर उत्पन्न असणे आणि त्यावर स्वतःचा हात चालणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अधिकार निर्माण होतो. ‘लाडली बहना’चे पैसेही स्त्रीच्या स्वतःच्या खात्यातच जातात. ती योजना केवळ मतांचे गणित ठरणार की काही अधिक, हे खात्यावर कोणाचा हात आहे यावरून ठरेल.

निष्कर्ष

१. माळव्यातील राज्यकर्त्या स्त्रियांची परंपरा सामान्य स्त्रीच्या राजकीय हक्काचा पुरावा म्हणून देता येत नाही. तो हक्क सार्वत्रिक मताधिकाराने आला.

२. १९५१-५२ मध्ये स्त्रीच्या स्वतःच्या नावाचा आग्रह धरला गेला. त्याची किंमत मोठी होती, पण स्वतंत्र स्त्री-मतदाराची कल्पना त्यातून रुजली.

३. मतदानातील बरोबरी ही प्रतिनिधित्वातील बरोबरी नव्हे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागांची तरतूद केली असली, तरी तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. त्या जागा भरल्यानंतरही निर्णय कोणाचा, हा प्रश्न राहीलच.

४. पदवी वर्गातील प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना आपल्या प्रभागातील स्त्री-सदस्यांची एक तक्ता-नोंद करावयास सांगता येईल. नाव कोणाचे, सही कोणाची, सभेत बोलते कोण आणि नागरिक काम घेऊन कोणाकडे जातात, असे चार रकाने पुरेत. हे चार रकाने भरताना विद्यार्थी, आणि विशेषतः विद्यार्थिनी, आपल्या घरातील व्यवहारही त्याच नजरेने पाहू लागतील. प्रतिनिधित्वाचा धडा पाठ्यपुस्तकाबाहेर पडावयाचा असेल, तर त्याची सुरुवात तेथूनच करावी लागेल.