पांढरी बोटं आणि स्वच्छ एक्स-रे



लिमरिकला आल्यावर पहिल्याच थंडीत सार्सफिल्ड पुलावर बायकोची बोटं पांढरीफटक पडली, मग निळी. शॅननवरचा वारा, दुसरं काय, म्हणून लोकरीचे हातमोजे घेतले. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली वर्णन केलेला हाच तो प्रकार. बहुतेकांना तो नुसताच असतो. काहींना मात्र ती सिस्टेमिक स्क्लेरोसिसची पहिली खूण असते. हिच्या बाबतीत दुसरं निघालं.

या आजाराचं जुनं वर्णन नेपल्सच्या कुर्झिओचं, १७५३ मधलं: एका तरुण मुलीची कातडी टणक होत गेली. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं हा कातडीचाच रोग मानला गेला. केपटाऊनच्या गोएट्झने १९४५ मध्ये त्याला 'सिस्टेमिक' म्हटलं, कारण आतले अवयवही सापडतात. तेव्हा मूत्रपिंड निकामी होऊन माणसं जात. एसीई इनहिबिटर औषधांनी ते बरंच आवरलं, आणि मृत्यूचं मुख्य कारण म्हणून फुफ्फुसं पुढे आली.

ती ओळखायची कशी? स्टेथोस्कोप लेनेकने १८१६ साली पॅरिसमध्ये शोधला. त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिणारा विल्यम स्टोक्स आपल्या इथल्या डब्लिनचा, १८२५ मध्ये जेमतेम एकवीस वर्षांचा! पाठीवर खाली ऐकलं की वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतो, पण तोवर बराच उशीर झालेला असू शकतो. हचिन्सनचा स्पायरोमीटर (१८४६) हवा किती मावते ते सांगतो. ती रक्तात कितपत झिरपते, हे मोजायची युक्ती मारी क्रोघ या डॅनिश बाईंची, १९१५ ची. नवरा ऑगस्ट क्रोघ नोबेलवाला, पण आमच्या घरात नाव निघतं ते बाईंचंच. आजची डीएलसीओ चाचणी त्यातूनच आली.

हिला जिना चढताना धाप लागायची. एक्स-रे काढला, 'स्वच्छ' म्हणाले. वय झालं, व्यायाम करा. त्यात वर्ष गेलं. मग एचआरसीटी केलं, तर दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी काचेवर वाफ धरावी तसा धूसरपणा. सुरुवातीचा आजार साध्या एक्स-रेत निसटतो, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

२०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना तर सांगतात की या रुग्णांची तपासणी एचआरसीटी आणि श्वासचाचण्यांनीच करावी. तेव्हा तुमच्याकडे, किंवा देशात कुणाला, हे निदान झालं असेल तर धाप लागायची वाट बघू नका, आधीच विचारा. मायकोफेनोलेट, २०१९ पासून निंटेडॅनिब, ही औषधं घसरण मंदावू शकतात. झालेला व्रण मात्र जात नाही.

हिचा डीएलसीओ दर सहा महिन्यांनी मोजतात. गेल्या मंगळवारी गेलो होतो. आकडा मागच्याइतकाच आला. येताना पुलावरून चालत आलो, हातमोजे घालून.

आपला,
एक लिमरिककर