बर्मिंगहॅमचा समझोता आणि कपडे घालून पाहण्याची खोली

करारांचा अभ्यास करताना कलमांच्या आशयाइतकाच त्यांच्या क्रमाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात १० मे १९६३ रोजी जाहीर झालेला समझोता या दृष्टीने उद्बोधक आहे. निदर्शने थांबल्यापासून तीन दिवसांच्या आत दुकानांतील कपडे घालून पाहण्याच्या खोल्या सर्व वर्णांच्या ग्राहकांस खुल्या होतील, असे त्याचे पहिले कलम सांगते. प्रसाधनगृहे व पिण्याच्या पाण्याचे नळ यांवरील पाट्या काढण्यास ३० दिवसांची आणि दुकानांतील उपाहारगृहे खुली करण्यास प्रारंभ करण्यासाठी ६० दिवसांची मुदत होती. या खोलीला अग्रस्थान का मिळाले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम या खोलीचे प्रयोजन ध्यानात घेतले पाहिजे. मराठीत शिंपी कपडा 'बेततो'; म्हणजे विशिष्ट अंगाचे माप घेऊन त्याप्रमाणे कापड कापतो. येथे अंग आधी आणि कपडा नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार कपड्यांचा व्यापार वाढला, तसा हा क्रम उलटला. कपडा अनोळखी अंगासाठी आधीच शिवला जाऊ लागला आणि तो बसतो की नाही, हे घालून पाहूनच ठरू लागले. मापांचे आकडे ठरविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. अमेरिकन शासनाच्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. परंतु अंतिम गणनेत गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे धरली गेली. ज्यांची मापे आकड्यांत धरली नव्हती, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांना कपडा घालून पाहण्याची गरज निश्चितच कमी नव्हती.

नेमकी हीच मुभा दक्षिणेकडील राज्यांतील अनेक दुकानांत त्यांना नव्हती. प्रथा दुकानागणिक बदलत असे. कोठे टोपी डोक्याला लागू नये म्हणून आत कापड घालावे लागे. कोठे जोडा पायात न घालता कागदावर काढलेल्या पावलाच्या आकृतीवरून घ्यावा लागे. कोठे घेतलेला कपडा परत करता येत नसे. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कृष्णवर्णीय ग्राहकाला दुकानात प्रवेश होता आणि त्याचा पैसाही स्वीकारला जात असे. नाकारली जात होती ती एवढीच गोष्ट, की त्याच्या अंगाला लागलेला कपडा पुढे दुसऱ्यास विकण्याजोगा राहतो. आपल्याकडील 'विटाळ' हा शब्द या कल्पनेच्या फार जवळ येतो. शिवणाऱ्या हाताचा मात्र विटाळ होत नसे. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्या वेळी मॉन्टगोमेरीतील एका मोठ्या दुकानात शिंप्याच्या साहाय्यक होत्या.

बर्मिंगहॅमच्या चळवळीने हे व्यापारी नाते अचूक हेरले. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. ३ एप्रिल १९६३ रोजी सुरू झालेली मोहीम ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात योजिली होती; त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला होता आणि त्या सणाला नवे कपडे घेण्याची रीत होती. म्हणून खरेदीवर बहिष्कार पुकारण्यात आला. १२ एप्रिलला अटक करवून घेताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी कामकऱ्याचे जाडेभरडे कपडे घातले होते, ते याच बहिष्काराचे द्योतक म्हणून. मे महिन्यात शाळकरी मुले रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर पोलिसांचे कुत्रे व पाण्याचे झोत सोडण्यात आले, आणि व्यापारी वाटाघाटींस तयार झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या वेळी शहरात दोन नगरशासने अधिकार सांगत होती आणि त्यांचा वाद न्यायालयात होता. पाट्या व उपाहारगृहे यांविषयीच्या मुदती न्यायालयाच्या निर्णयाने नगरशासन स्थिर झाल्यानंतर मोजावयाच्या होत्या. खोलीच्या कलमाला अशी अट नव्हती. ते दुकानदारांच्या हाती होते. शिवाय एकत्र भोजन चारचौघांत दिसते, ही खोली मात्र दाराआड असते. अर्थात गौरवर्णीय ग्राहकांचा रोष ओढवण्याची भीती येथे सर्वांत कमी होती. जी गोष्ट सर्वांत सहज देता येण्यासारखी होती, ती सर्वांत आधी दिली गेली, असा याचा अर्थ होतो. तथापि म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. इतकी सोपी गोष्ट मिळण्यासाठीही मुलांना तुरुंगात जावे लागले, आणि समझोत्यानंतर दुसऱ्याच रात्री शहरात बाँबस्फोट झाले, हे विसरता येत नाही.

१९६४ च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्यात निवासगृहे, उपाहारगृहे व करमणुकीची स्थळे यांचा उल्लेख आहे. कपड्यांच्या दुकानांचा स्वतंत्र वर्ग म्हणून तेथे निर्देश नाही. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात मात्र दुकानांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे समता आली असे होत नाही, हेच बर्मिंगहॅमच्या पहिल्या कलमावरून दिसते. भेदाची रेषा दुकानाच्या उंबरठ्यावरून हलून आतील एका लहान खोलीच्या दाराशी जाऊ शकते. समतेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने त्या दारापर्यंत गेले पाहिजे.