खरखरीतून आलेली हाक

नवीन पनवेलमध्ये, कळंबोली महामार्गालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची इमारत आहे. आमचे बहुतेक विद्यार्थी तिच्यावरून रोज जातात आणि आत काय चालते हे त्यांना ठाऊक नसते. बरीच वर्षे आम्हांलाही नव्हते. तिथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आणि अवकाशातील हवामानाचा अभ्यास होतो. या अभ्यासाची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत मागे जाते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांनी केली होती. त्याच वादळात अमेरिकेतील काही तारयंत्रे बॅटरी काढून ठेवल्यावरही चालत राहिली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून हे काम अलिबागला हलवावे लागले. अलिबागच्या नोंदी १९०४ पासूनच्या आहेत.

मराठीच्या अध्यापकांनी या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. आमचा विषय श्रुतिका आहे, आणि तीही विज्ञानकथेची. विचित्र हवामान आणि परग्रहावरून आलेली आर्त हाक या दोन गोष्टी श्राव्य विज्ञाननाट्यात वारंवार एकत्र येतात. हा लेखकांच्या कल्पनादारिद्र्याचा पुरावा मानण्याची पद्धत आहे. आम्हांस ते पटत नाही. रेडिओच्या कानाला वादळ आणि हाक या मुळात वेगळ्या वस्तू नाहीत. दोन्ही खरखरीतूनच येतात.

इतिहास याची साक्ष देतो. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे निकोला टेस्ला विजांच्या वादळांचा वेध घेत असता त्याच्या यंत्रावर लयबद्ध ठोके उमटले. ते दुसऱ्या ग्रहावरून आले असावेत, असे त्याने १९०१ मध्ये लिहिले. पुढे न्यू जर्सीत कार्ल जान्स्की दूरध्वनीत व्यत्यय आणणाऱ्या गडगडाटी वादळांचा आवाज मोजत होता. विजांचा हिशेब वजा केल्यावर एक बारीक सुसकारा उरला. तो आकाशगंगेच्या मध्याकडून येतो, हे त्याने १९३३ साली जाहीर केले. रेडिओ खगोलशास्त्र जन्मले ते असे, पावसाळी खरखरीच्या पोटी.

आणि त्याच न्यू जर्सीत पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री, मंगळावरचे लोक उतरले. ऑर्सन वेल्सने सादर केलेल्या त्या नाटकाची कथा एच. जी. वेल्सची (१८९८) आणि संहिता हॉवर्ड कॉखची. त्या रात्री देशभर हलकल्लोळ माजला, ही आख्यायिका वर्तमानपत्रांनी फुगवली होती, असे अलीकडचे अभ्यासक सांगतात. आम्हांस आख्यायिकेपेक्षा संहितेची बांधणी अधिक बोलकी वाटते. नाटक जवळजवळ हवामानवृत्तानेच सुरू होते. मग नृत्यसंगीत, मग त्याला छेद देणाऱ्या बातम्या. अखेरीस सारी केंद्रे गप्प होतात आणि एक एकटा रेडिओचालक रिकाम्या हवेत हाका मारतो: ऐकणारे कोणी उरले आहे का? त्या नाटकातली आर्त हाक मंगळवासीयांची नाही, माणसाची आहे. विद्यार्थ्यांना हे दाखविले की ते क्षणभर थबकतात. ज्याची हाक ऐकू येते तोच परका, अशी त्यांची समजूत झालेली असते.

याच कथेचे रूपांतर फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वादोरच्या कीतो शहरात प्रसारित झाले. फसवले गेल्याच्या संतापात जमावाने केंद्राची इमारत जाळली आणि माणसे मेली. ही मात्र आख्यायिका नव्हे.

आपल्याकडे काय घडले? मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ चे. श्रुतिका मराठी घरात इतकी रुजली की 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी शेजारीपाजारी राहतात असे वाटावे. १९६६ साली कोलकाता आकाशवाणीवर प्रेमेंद्र मित्र, सत्यजित राय, अद्रीश बर्धन आणि दिलीप रायचौधुरी या चौघांनी मिळून 'सबुज मानुष' ही विज्ञानकथा सादर केली होती. मराठी विज्ञानकथेने मात्र आपले घर छापील पानावर बांधले. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा, 'नवल'सारखी मासिके, दिवाळी अंक ही तिची ठिकाणे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने पाठवलेली 'कृष्णविवर' या कथास्पर्धेतच पुढे आली. श्रुतिकेने संसार आणि विनोद यांत जी मुशाफिरी केली ती विज्ञानकथेत केली नाही, असे आमचे मत आहे.

सामग्रीची वाण नव्हती, म्हणूनच ही उणीव बोचते. नारळीकरांची 'हिमप्रलय' घ्या. मुंबईत बर्फ पडतो; वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने दिलेल्या इशाऱ्याकडे आधी कोणी लक्ष दिलेले नसते. ही कथा डोळ्यांनी वाचताना आपण बर्फ पाहतो. ती ऐकली तर आधी ऐकू येईल ती मुंबईची शांतता, आणि बर्फापेक्षा ती अधिक भीतिदायक आहे. 'वामन परत न आला' (१९८६) मध्ये तर हाक आकाशातून येतच नाही. ती जमिनीखाली पुरलेली सापडते, नष्ट झालेल्या एका संस्कृतीने मागे ठेवलेली, आणि तिचा अर्थ लागेतो उशीर होतो. इतकी कानासाठी घडलेली कल्पना मराठीत क्वचित असेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही वर्गात 'हिमप्रलय'चे श्रुतिकारूपांतर करून पाहिले. ध्वनिफीत केली नाही, केवळ वाचन. ३ जून २०२० चे 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या मुलांना आठवत होते: वीज नाही, मोबाइल मुके, आणि पेटीतून काढलेल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर मच्छीमारांसाठीचे इशारे. म्हणून सुरुवात हवामानवृत्ताने करावी हे त्यांना सांगावे लागले नाही. खरखर कोणी करायची यावर थोडा वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलांनी कागद चुरगाळले. उरणहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आकाशवाणीच्या त्या सपाट, सभ्य सुरात वाचले की येत्या चोवीस तासांत कोकण व गोव्यात तुरळक ठिकाणी हिमवृष्टीची शक्यता आहे आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. 'हिमवृष्टी' शब्दाला वर्ग खदखदून हसला. पुढचे वाक्य येईपर्यंत कागदांचा आवाजही थांबला होता.