गाडी कुठल्या बाजूला थांबते?

आमच्या दत्तूमामांचं एक ठाम मत होतं. हिंदुस्थानचा इतिहास म्हणजे महाडला गाडी बदलून पुढे गेलेल्या माणसांची हकिगत. रायगडाला जायचं तर महाडवरून, प्रतापगडाला जायचं तर पोलादपुरावरून, आणि मुंबईहून गोव्याला जायचं तर दोन्हींवरून. "सगळे जातात," मामा म्हणत, "राहतो कोण? आम्ही आणि सावित्रीचं पाणी!"

पुराव्यादाखल ते दुसऱ्या बाजीरावांना उभं करीत. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडवली आणि श्रीमंतांनी महाड गाठलं. तिथून सुवर्णदुर्ग, तिथून समुद्रानं वसई, आणि 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह. "राज्य गेलं वसईला, पण गाडी बदलली ती महाडला!" असं सांगून मामा सुपारी कातरायला घेत. जणू बाजीरावांचं रिझर्व्हेशन त्यांनीच करून दिलं होतं.

मी पुण्याचा. मामा महाडचे आणि मावशी पोलादपूरची. त्यामुळे मे महिन्यात स्वारगेटहून वरंध घाटानं महाड आणि महाडला गाडी बदलून पोलादपूर, या मार्गानं मीही इतिहासात सामील होत असे. एस. टी.त शिरणं ही तेव्हा एक कला होती. दारातून शिरणारे सज्जन उभ्यानं जात. जाणकार खिडकीतून रुमाल टाकत. मामा तर आधी रुमाल, मग पिशवी आणि शेवटी मला टाकत. रुमालावर कुणी बसलं तर भांडता येतं, पण भाच्यावर कुणी बसत नाही, हा त्यांचा अनुभव. मग कंडक्टर चिमटा वाजवीत यायचा, दोरी ओढायचा, आणि घंटी झाली की ज्याच्याशी जागेवरून भांडण झालं त्याच्याच खांद्यावर डोकं टाकून मामा घोरू लागायचे.

मामांच्या इतिहासात एक साल मात्र कधीच आलं नाही. ते मला पुढे पुस्तकांतून कळलं. 1927.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या मंडपातून मिरवणुकीनं गावातून चालत गेले आणि तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर परत निघालेल्या माणसांना महाडात मार खावा लागला. हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरातली एक बारीक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो होतो.

दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीनं. जवळची वाट धरमतरला उतरून पुढे मोटारीनं महाडला यायची. ती सोडून त्यांनी दासगाव बंदराची लांबची वाट धरली. कारण काय? तर मोटारवाल्यांनी आयत्या वेळी आमच्या माणसांना गाडीत घेत नाही असं म्हटलं, तर करायचं काय? दासगावहून महाड पाच मैल. तेवढं पायी जाता येतं. आणि 25 डिसेंबरला दासगावला उतरून ते सगळे महाडपर्यंत चालत गेले.

आता बघा. रस्ता होता, मोटारी होत्या, खिशात भाडं होतं. तरी मोठी परिषद भरवायला निघालेल्या माणसाला आधी हिशेब करावा लागला, की गाडी थांबलीच नाही तर चालत कुठून जाता येईल? बससेवा म्हणजे काय, याची याहून पक्की व्याख्या मला कुठल्याही अहवालात मिळालेली नाही. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल दिला. आमचे आजोबा त्या 20 मार्चला कुठल्या बाजूला उभे होते, हे मी मामांना एकदा विचारलं होतं. मामांनी सुपारी कातरायला घेतली, पण इतिहास सांगितला नाही.

पुढे 1 जून 1948 ला पुणे ते नगर अशी पहिली एस. टी. धावली आणि हळूहळू महामंडळाच्या गाड्या सगळीकडे झाल्या. माझ्या लहानपणी त्या लाल डब्यात कोण कुणाला खेटून बसलाय हे बघायला कुणाला उसंत नव्हती. रुमाल कुणाचा, एवढाच वाद.

रस्ता मात्र तोच राहिला. महाडच्या पुढे पोलादपूरच्या वाटेवर सावित्रीवर 1928 साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. मावशीकडे जाताना गाडी त्यावर आली की आम्ही पोरं पाण्यात पाच पैसे टाकायचो. वाहनं वाढली तशी शेजारी दुसरा पूल झाला आणि वाहतूक वाटली गेली. गोव्याकडे जाणारी नव्यावरून, मुंबईकडे येणारी जुन्यावरून. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, पुराच्या लोंढ्यात, तो जुना पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस. टी. गाड्या आणि बरोबरची वाहनं अंधारात खाली गेली. पुढे कित्येक दिवस लोक नदीच्या काठानं पार खाडीपर्यंत शोधत होते. त्या पुलावरून मी किती वेळा गेलो हे मोजायला बसलो आणि मोजवेना.

नवा रुंद पूल 165 दिवसांत उभा राहिला. जून 2017 मध्ये खुलासुद्धा झाला. इतक्या लवकर काम होऊ शकतं हे कळल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी मला थोडा रागच आला, हे कबूल करतो.

रेल्वेचं म्हणाल तर कोकण रेल्वे 1998 साली पुरी झाली, पण महाडला चुकवून गेली. जवळचं स्टेशन वीर. बायको, दोन मुलं आणि फणस घेऊन तिथून रात्री महाड गाठणाऱ्याला ते नाव शोभून दिसतं.

तेव्हा भिस्त रस्त्यावर आणि बसवर. आमच्या महाडच्या गाडीचा पुण्यातला शेवटचा टप्पा म्हणजे कात्रज ते स्वारगेट हा सातारा रस्ता. डिसेंबर 2006 मध्ये त्याचीच नव्यानं आखणी झाली. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी वाट. ब्राझीलच्या कुरितिबात 1974 पासून आणि कोलंबियाच्या बोगोटात 2000 पासून हे चाललेलं, देशात मात्र आमचाच पहिला मान. त्यामागचा हिशेब सरळ आहे. एक बस जितका रस्ता अडवते तितक्यात दोन-तीन मोटारी मावतात. बसमध्ये साठ माणसं, मोटारींत मिळून चार आणि एक कुत्रा. मग आधी वाट कुणाला द्यायची?

एवढं पटण्यासारखं असूनही घोटाळा झाला. बसची वाट मोकळी दिसताच पुण्यातल्या तमाम दुचाकीवाल्यांना ती आपल्यासाठीच केली आहे असा साक्षात्कार झाला. आणि थांबे मधोमध. म्हणजे बस जोरात, पण बसपर्यंत जायचं तर दोन्हीकडच्या मोटारींतून पोहत जायचं. एकदा मी असाच काठावर उभा असताना शेजारच्या आजींनी माझा हात धरला. मी त्यांना मोठ्या ऐटीत पलीकडे नेलं. थांब्यावर चढल्यावर त्या म्हणाल्या, "आता घाबरू नका हं. पोचवलं तुम्हांला."

पुढे 2015 मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी मार्ग झाला तेव्हा थांब्याचा ओटा आणि बसचं दार एका पातळीत आलं. पायरी चढायची नाही, नुसतं पाऊल टाकायचं. गुडघे ज्यांचे दुखतात त्यांना विचारा, हा केवढा शोध आहे ते. नऊ वर्षांत आखणाऱ्याची नजर बसवरून बसची वाट बघणाऱ्यापर्यंत आली. उशिरा का होईना, आली.

कोकणातल्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये पनवेलच्या बाजूनं सुरू झालं आणि रखडत रखडत आमच्याकडे आलं. पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या डोंगराला बोगदा पडला. 2023 च्या गणपतीत चाकरमान्यांच्या मोटारी त्यातून जाऊ लागल्या. घाटातल्या त्या वळणांवर मावशीच्या सांगण्यावरून आलेपाक चघळलेला मी, मला हा रस्ता नको असं कोण म्हणेल? पण मध्यंतरी मुंबईहून एका खाजगी बसनं निघालो. मध्यरात्री क्लीनर ओरडला, "चला, पोलादपूर!" उतरलो. बस गेली. समोर नुसता रस्ता.

"अहो, पोलादपूर कुठाय?" मी टपरी बंद करणाऱ्या माणसाला विचारलं.

"हे काय, पलीकडं."

पलीकडे मला मावशीच्या आळीतला दिवासुद्धा दिसत होता. मध्ये चार पदरी महामार्ग, दुभाजक आणि गोव्याला निघालेले ट्रक. सत्तरीतला माणूस, हातात बाकरवडी. शेवटी मावसभाऊ लांबून वळसा घालून, विजेरी घेऊन आला. बाजीरावांचीसुद्धा इतकी बिकट अवस्था झाली नसेल.

परतीला महाडची एस. टी. पकडायला सकाळी त्यानं मला रस्त्याच्या कडेला आणून सोडलं. एक म्हातारी तिथे आधीच येऊन बसली होती. गाठोडं, त्यावर काठी.

"दादा, गाडी म्होट्या रस्त्यानं येती का बाजूच्या?"

मी काय सांगणार? मग आम्ही दोघांनी मिळून आखणी केली. ती बाजूच्या रस्त्याला उभी राहील, मी मोठ्या रस्त्याला. गाडी ज्याच्याकडे येईल त्यानं हात करून ती थोपवायची आणि दुसऱ्याला हाक मारायची. वीस मिनिटं आम्ही असे सीमेवरच्या जवानांसारखे उभे. गाडी आली, बाजूच्या रस्त्यानं. म्हातारीनं काठी आडवी धरली आणि अशी हाक मारली की महाडला ऐकू गेली असेल. मी बाकरवडीच्या रिकाम्या पिशवीसकट पळत सुटलो.

कंडक्टर दारात उभा होता. "पळू नका काका. थांबलोय."

दोघांनाही अर्धं तिकीट. ती बाई म्हणून, मी म्हातारा म्हणून. तिनं खिडकीची जागा घेतली आणि माझ्यासाठी शेजारी रुमाल टाकून ठेवला होता.