जुहूचं रिसॉर्ट, जे झालंच नाही

आजचा एपिसोड एका अर्धवट सोडलेल्या बुकिंगपासून सुरू होतो. गेल्या महिन्यात मी आईसाठी मालदीवचं पॅकेज बघत होतो. पाण्यावरची व्हिला, नारळाची झाडं, खाजगी किनारा. किंमत ऐकून आई म्हणाली, "अरे, समुद्र आणि माडच बघायचे ना? मग जुहूला काय झालंय?"

मी हसलो. आम्ही अंधेरीकर. जुहू म्हणजे भेळ, गर्दी आणि पार्किंगची मारामारी. पण रात्री सहज वाचायला बसलो आणि हसू गेलं.

दीडशे वर्षांपूर्वी जुहू खरोखर बेट होतं. समुद्रातून जेमतेम एक-दोन मीटर वर आलेली वाळूची लांबट पट्टी. मध्ये खाडी, आणि ओहोटी लागली की लोक पाण्यातून चालत पलीकडे जायचे. वस्ती कोळी, भंडारी, आगरी, कुणबी यांची. मासेमारी, माडांच्या वाड्या, मिठागरं. बस्स.

मग १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी इथे जमीन घेतली, बंगला बांधला. त्यांचा प्लॅन आजच्या कुठल्याही बिल्डरला लाजवेल असा होता. जुहू ताऱ्याची १,२०० एकर जमीन विकसित करायची, प्लॉट पाडायचे, समुद्रकाठी आलिशान रिसॉर्ट उभं करायचं आणि तिथे पोचायला माहीमचा कॉजवे वाढवायचा. १९०३ मध्ये त्यांचं ताज हॉटेल अपोलो बंदराजवळ उघडलं. १९०४ मध्ये ते गेले आणि जुहूची योजना तिथेच बारगळली.

पण टाटा आणि जुहू हे नातं संपलं नाही. १९२८ मध्ये इथे विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन, एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून इथेच उतरले. गंमत म्हणजे पावसाळ्यात या मैदानाचा चिखल व्हायचा, म्हणून विमानसेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलवावी लागायची. बेटाने आपला मूळ स्वभाव सोडला नव्हता!

श्रीमंतांचे बंगले मात्र वाढत गेले. हवापालटासाठी जुहू, असं समीकरणच झालं. १९२४ मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन येरवड्यातून सुटलेले गांधीजी विश्रांतीला आले ते जुहूलाच, उद्योगपती नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा इथेच. त्याच मुक्कामात त्यांनी विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला, ज्यात शोभना समर्थ सीता होत्या. आज तिथल्या रस्त्याचं नाव गांधीग्राम रोड आहे.

साठच्या दशकात किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहू लागली, सिनेमावाले राहायला आले. जमशेटजींचं रिसॉर्ट तुकड्यातुकड्याने का होईना, झालंच म्हणायचं. फरक एवढाच, की हॉटेलांच्या समोरची वाळू सगळ्यांची राहिली. जिथपर्यंत भरतीचं पाणी येतं ती जमीन सरकारी, म्हणजे तुमची-माझी. १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राचे नियम आले आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं आली.

मला वाटतं, खरी लक्झरी इथे आहे. मालदीवमध्ये आपण खाजगी किनाऱ्याचे पैसे मोजतो. जुहूत हॉटेलातला पाहुणा आणि विरारहून लोकलने आलेलं कुटुंब एकाच लाटेत पाय भिजवतात. पण ही गोष्ट आपोआप टिकणारी नाही. आपण 'घाण आहे, गर्दी आहे' म्हणून पाठ फिरवली, की उद्या कोणीतरी म्हणेल, "मग आम्हीच सांभाळतो ना, कुंपण घालून."

रविवारी सहा वाजता आईला घेऊन गेलो. ओहोटी होती. एका हॉटेलसमोर वाळूत बसलो, तर गार्ड शिट्टी वाजवत आला, "मॅडम, पुढे सरका." आई उठायला लागली. मी म्हटलं, "दादा, भरतीचं पाणी इथवर येतं. ही जागा सगळ्यांची आहे." त्याने ओल्या वाळूकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि निघून गेला.

आई परत बसली. म्हणाली, "आता चहा आण."

तुमच्या घरातल्या मोठ्यांना त्यांचं जुहू विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!