मूत्रवाहिनीच्या टाक्याची कुळकथा

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या किडनीला सूज दिसते’ असं कळलं की घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या कुटुंबाला निदान पुढच्या तपासणीसाठी दूर जावं लागत नाही. सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालयं जवळच आहेत. ऑपरेशनची वेळ आलीच, तर आज ते बऱ्याचदा दुर्बिणीतून होतं. पण त्याचं मूळ दुर्बिणीत नाही.

1949 साली शेफील्डच्या अँडरसन आणि हाइन्स या सर्जनांनी एका रुग्णाची हकीकत छापली. त्याची मूत्रवाहिनी सरळ खाली न उतरता शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेमागून वळसा घालून येत होती. यात मूत्रवाहिनीचा दोषच नसतो. गर्भात जी शीर विरून जायला हवी, तीच टिकते आणि मूत्रवाहिनी तिच्यामागे अडकते. एवढी मोठी शीर कापणं धोक्याचं. म्हणून त्यांनी मूत्रवाहिनीच कापली, शिरेच्या पुढे आणली आणि पुन्हा जोडली. काही बाळांची मूत्रवाहिनी मूत्रपिंडाच्या तोंडाशी जन्मतः अरुंद असते आणि किडनी सुजते, तिथेही हीच रीत लागू पडली: अरुंद तुकडा काढायचा, उरलेलं टोक उभं चिरून रुंद करायचं आणि शिवायचं. माझ्या मते खरी प्रतिभा इथेच दिसते.

दुर्बीण मागाहून आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात असं पित्ताशय काढण्याची ती सुरुवात. पण पित्ताशय काढून टाकायचं असतं, मूत्रवाहिनी मात्र शिवावी लागते. पडद्याकडे बघत, लांब दांड्याच्या चिमट्यात वाकडी सुई धरून, केसासारख्या बारीक धाग्याने. अमेरिकेत 1993 साली मोठ्यांवरच्या अशा शस्त्रक्रियांच्या हकीकती छापल्या गेल्या, 1995 साली लहान मुलावरचीही. लहानग्यांसाठी आता अवघ्या 3 मिलिमीटरची हत्यारं मिळतात.

जोड भरून येईपर्यंत आत एक मऊ नळी ठेवतात, तिला सगळे ‘डीजे स्टेंट’ म्हणतात. 1978 साली फिनी या मूत्ररोगतज्ज्ञांनी तिची दोन्ही टोकं इंग्रजी J सारखी वळवली, म्हणून ‘डबल जे’. एक मूत्रपिंडात अडकतं, दुसरं मूत्राशयात, म्हणून ती सहसा सरकत नाही. काही आठवड्यांनी ती काढावीच लागते. मूल हसतं-खेळतं झालं की घरचे विसरतात आणि राहिलेल्या नळीवर खडे धरतात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी बाळाला घेऊन जाच.