माशी हलकी, दोरी जड : फ्लाय फिशिंगची पहिली फेक

गोव्यात गरी टाकणाऱ्याला वजनाचे गणित शिकवावे लागत नाही. दोरीला शिसे बांधले की शिसे पुढे झेपावते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा आहे. गळावर पिसे, केस व धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने चार हातही जात नाही. वजन असते ते आवरण चढवलेल्या जाड दोरीला. काठी दोरी फेकते; माशी तिच्यामागून जाते.

म्हणूनच या दोरीला क्रमांक असतात. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम, तर आठ क्रमांकाच्या दोरीचे सुमारे साडेतेरा ग्रॅम भरते. काठी त्याच क्रमांकाची घ्यावी. नवशिक्याला साधारण ९ फुटांची काठी सोयीची पडते.

मूळ फेक डोक्यावरून होते. काठी वेग वाढवत मागे आणून एकदम थांबवायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहायची आणि मगच पुढे ढकलून पुन्हा थांबवायची. मधली विश्रांती हीच खरी कसोटी. दोरी जितकी लांब, तितकी ती अधिक. घाई झाली की चाबकासारखा फट्कन आवाज येतो आणि कित्येकदा माशी तुटून जाते. मनगट सैल सोडून काठी फार मागे झुकवली, तर दोरी जमिनीला लागते. या दोन चुका सुटल्या की पुढचे बरेचसे सोपे होते. ताकदीचा येथे फारसा उपयोग नाही.

माशी बदलली की फेकही बदलते. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी भिजल्यावर बुडू लागते. तिच्यातले पाणी झटकण्यासाठी दोरी पाण्याला न टेकवता हवेतच एकदोनदा मागे-पुढे खेळवतात. पाण्याखालच्या किड्याचे रूप घेतलेल्या, तार गुंडाळलेल्या ‘निम्फ’ला हा खेळ मानवत नाही. तिच्यासाठी हालचाल संथ आणि दोरीचे वळण रुंद ठेवावे, नाहीतर गुंता ठरलेला. छोट्या माशासारखा दिसणारा ‘क्लाउझर मिनो’ अमेरिकेतील बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात रूढ केला. त्याला धातूचे डोळे असतात. चोणकासारख्या शिकारी माशासाठी असाच प्रकार उपयोगी. मात्र तो वेगाने कानाजवळून जातो, तेव्हा टोपी व चष्मा हवाच. वारा फेकीच्या हाताकडून वाहत असेल, तर जागा बदलणे शहाणपणाचे.

गोव्यातील नद्यांच्या काठी मागे अनेकदा झाडी असते. तेथे मागे दोरी न नेता, पाण्यावर पडलेली दोरी काठीजवळ ओढून पुढे गोल उलगडणारी ‘रोल’ फेक उपयोगी पडते. ही फेक शिकायला पाणी लागते. डोक्यावरच्या फेकीला मात्र मोकळे मैदान पुरते. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधावा. पणजीचा नवशिका असो, वा मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा जिल्ह्यातल्या जामसांवलीचा, दोघांचा पहिला धडा गवतावरच होतो.

जामसांवलीच्या नवशिक्याच्या मनात बहुधा महसीर असेल. तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३९मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पैदास केली आहे. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांमुळे अनेक नद्यांतून महसीर आटला, म्हणून गळाला लागलेला मासा सोडून देण्याची रीत जाणते गळवाले पाळतात. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि गळ काढताना त्याला शक्यतो पाण्यातच ठेवावे.